सर्व्हरवर विंडोज की लिनक्स? सांगली-साताऱ्याच्या धंद्यासाठी हिशोब असा मांडा

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. अशा पुरात तळमजल्यावरचा सर्व्हर बुडाला, तर डेटासोबत बऱ्याचदा लायसन्सही जातं. मशीनबरोबर आलेलं विंडोज सर्व्हरचं ओईएम लायसन्स सहसा त्याच मशीनला बांधलेलं असतं. उबंटू किंवा डेबियन लिनक्स मात्र कितीही मशीनवर टाका, लायसन्सचे पैसे शून्य. कारण ते ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे.

विंडोज सर्व्हर स्टँडर्डची किंमत प्रोसेसरच्या कोअरवर ठरते आणि किमान १६ कोअरचं लायसन्स घ्यावंच लागतं. वर प्रत्येक वापरकर्त्याचं किंवा मशीनचं वेगळं लायसन्स, त्याला कॅल म्हणतात. गावाहून रिमोट डेस्कटॉपने काम करायचं तर त्याचं कॅल आणखी निराळं. कोटेशन घेतानाच हे विचारलेलं बरं.

मग सगळ्यांनी लिनक्सच घ्यावं का? तर नाही. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्याचा सगळा हिशोब टॅलीत असेल, तर टॅलीप्राइमला विंडोज लागतं. तिथे लिनक्सचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. फार तर बॅकअपसाठी लिनक्सचं दुसरं मशीन ठेवावं, तेही वरच्या मजल्यावर.

सातारा एमआयडीसीतल्या वर्कशॉपचं गणित वेगळं. स्टॉक, खरेदी, उत्पादन असं सगळं एका जागी हवं असेल, तर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट आहे. ते ओपन सोर्स आहे आणि लिनक्सवर चालतं.

पण फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे. बसवायला, अपडेट करायला माणूस लागतो, आणि रात्री सर्व्हर बंद पडला तर विंडोजवाला जितका पटकन मिळतो तितका लिनक्सवाला मिळेलच असं नाही.

शब्द तर दोन्हीकडे फिरतो. सेंटओएस ८ या मोफत लिनक्सला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार होते, ते ३१ डिसेंबर २०२१ लाच थांबले. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि महिन्याभरात एकदाच पैसे भरून कायमचं लायसन्स देणं बंद केलं.

त्यामुळे घेण्याआधी अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख बघावी. विंडोज सर्व्हर २०१६ साठी ती १२ जानेवारी २०२७ आहे. आणि काहीही बसवलं तरी ॲडमिनचा पासवर्ड मालकाकडे लिहून ठेवावा. तो फक्त बसवणाऱ्याकडे राहिला, तर ओपन सोर्स घेऊनही धंदा एकाच माणसाच्या फोनवर अडकतो.