चार कलमांचा कायदा

(१) पुण्याच्या प्लेगची गोष्ट आपण बहुधा रँड आणि चाफेकर बंधू यांच्यापाशी आणून थांबवतो. परंतु घराघरांत शिरण्याची सत्ता रँडच्या हाती आली कोठून? त्याचे उत्तर जेमतेम एका पानात मावणाऱ्या कायद्यात आहे. आजचा धागा त्याच कायद्याविषयी.

(२) सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पाहता पाहता साथ फैलावली आणि माणसे शहर सोडू लागली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग प्रतिबंधक कायदा संमत झाला. त्याची कलमे अवघी चार.

(३) पहिले कलम नाव व व्याप्ती सांगते. दुसऱ्यानुसार, प्रचलित कायदे अपुरे वाटल्यास सरकारने तात्पुरते नियम करावेत. तिसऱ्यानुसार, ते मोडणाऱ्यास दंड संहितेच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षा व्हावी. चौथे कलम म्हणते, या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही.

(४) आता त्यात काय नाही ते पाहा. ‘धोकादायक साथ’ कशास म्हणावे, याची व्याख्या नाही. झडतीला मर्यादा नाही. अन्याय झाल्यास दाद कोठे मागावी, याविषयी एक अक्षरही नाही.

(५) पुण्यात प्लेग समितीचा प्रमुख म्हणून रँड आला आणि गोऱ्या सैनिकांकडून घरझडत्या सुरू झाल्या. रुग्णाला इस्पितळात, घरच्यांना विलगीकरण छावणीत नेले जाई. सामानाची होळी होई. लोकांचा विरोध उपचारांना होता, असे सरसकट म्हणता येत नाही. टिळकांनी हिंदू प्लेग इस्पितळ उभारण्यास हातभार लावला. सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करतानाच १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. संताप होता तो जबरदस्तीचा आणि ऐकून घेणारे कोणीच नसल्याचा.

(६) २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला मरण पावला. पुढे झडत्यांविरुद्ध तक्रारी करणाऱ्या नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटल्याविना स्थानबद्ध केले गेले, आणि ‘केसरी’तील लेखनाबद्दल टिळकांना राजद्रोहाखाली १८ महिन्यांची शिक्षा झाली.

(७) १९५० मध्ये राज्यघटना आली, तरी हा कायदा टिकला, कारण ३७२ व्या अनुच्छेदाने जुने कायदे चालू ठेवले. मात्र १३ व्या अनुच्छेदाने अट घातली की, मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तेवढा भाग रद्द. चार कलमांवर न्यायालयाची नजर आली ती या अटीमुळे.

(८) मार्च २०२० मध्ये कोविडसाठी महाराष्ट्राने हाच कायदा लागू केला. त्याच वर्षी गुजरात सरकारने कारखाने अधिनियमाचा आधार घेऊन कामाचे तास वाढवले आणि जादा कामाचा दुप्पट मोबदला नाकारला. १ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचना रद्द केल्या. महासाथीने आलेली आर्थिक मंदी म्हणजे देशाच्या सुरक्षेला धोका आणणारी ‘सार्वजनिक आणीबाणी’ नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

(९) साथीच्या काळात शासनाला जादा अधिकार लागतातच. ते १८९७ मध्येही लागत होते. पण तेव्हा पुणेकराला दार ठोठावायला जागा नव्हती, आणि २०२० मध्ये कामगारांना ती होती. २०२० च्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांना संरक्षण दिले, तरी चौथे कलम अजून जागेवरच आहे. पुढची साथ येण्यापूर्वी ते एकदा मुळातून वाचा.