सयामी मांजर आणि त्याचें मंडळ

सयामी मांजराविषयीं दोन कथा प्रसिद्ध आहेत. एक राजकन्या स्नानाला जातांना आपल्या आंगठ्या मांजराच्या शेपटींत अडकवून ठेवी. त्या गळून पडूं नयेत म्हणून मांजरानें शेपटीला गांठ मारली आणि ती कायमची राहिली. दुसरी कथा देवळांतल्या मौल्यवान पात्राची. राखणीला बसलेलें मांजर त्या पात्राकडे इतकें टक लावून पाहत राहिलें, कीं त्याचे डोळे तिरळे झाले. वांकडी शेपटी आणि तिरळी दृष्टि हीं दोन्ही लक्षणें एके काळीं या जातीची खूण समजलीं जात. इंग्लंडांतील हौशी मंडळींनीं पुढें तीं पुसून टाकण्याचा चंग बांधला. त्यांना त्यांत किती यश आलें, हें पाहण्यासारखें आहे.

सयाम म्हणजे आजचें थायलंड. आपल्याकडे जशीं घोड्यांचीं शुभाशुभ लक्षणें सांगणारीं शालिहोत्रें आहेत, तशा तेथें ‘तमरा मेऊ’ या नांवाच्या मांजरांच्या सचित्र पोथ्या आहेत. शुभ मांजरांत ‘विचियनमात’ नांवाचें एक मांजर वर्णिलें आहे. त्याचें अंग फिकट. तोंड, कान, पाय आणि शेपूट मात्र काळसर. हेंच पुढें जगानें सयामी मांजर म्हणून ओळखलें.

ता. १३ जुलै १८७१ रोजीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें हॅरिसन वेअर या चित्रकाराच्या पुढाकारानें मांजरांचें मोठें प्रदर्शन भरलें. त्यांत सयामी मांजरेंही होतीं. गुबगुबीत मांजरें पाहण्याची संवय असलेल्या कांहीं प्रेक्षकांना हें कृश, निळ्या डोळ्यांचें जनावर एखाद्या दुःस्वप्नासारखें भासलें. १८७९ सालीं बँकॉकच्या अमेरिकन वकिलानें पाठविलेलें एक सयामी मांजर राष्ट्राध्यक्ष हेझ यांच्या पत्नीकडे वॉशिंग्टनला पोंचलें. परंतु त्याच वर्षीं तें मरण पावलें. १८८४ सालीं बँकॉकच्या ब्रिटिश वकिलातींतील गूल्ड यांनीं फो व मिया ही जोडी इंग्लंडांतील आपल्या बहिणीसाठीं, म्हणजे श्रीमती व्हेली यांच्यासाठीं आणली. त्या जोडीचीं पिलें १८८५ च्या प्रदर्शनांत गाजलीं. पण तींही फार दिवस जगलीं नाहींत. परदेशच्या रोगांपुढें हीं मांजरें टिकत नसत.

अशा नाजूक वंशाचा सांभाळ एकट्यादुकट्याच्या हौशीनें होणारा नव्हता. म्हणून १९०१ सालीं इंग्लंडांत सयामी मांजरांचें स्वतंत्र मंडळ, म्हणजे ‘सायमीज कॅट क्लब’, स्थापन झालें. त्याच्या संस्थापकांत श्रीमती व्हेली होत्या. पुढील वर्षीं मंडळानें आदर्श मांजराचीं लक्षणें लिहून प्रसिद्ध केलीं. १९१० सालीं सर्व मंडळांची मध्यवर्ती संस्था निघाली आणि वंशावळींची नोंद तिच्याकडे आली. कोणतें मांजर अस्सल, कोणतें सदोष, हें आतां कागदावरच्या शब्दांनीं ठरूं लागलें. त्या शब्दांचा अधिकार मोठा होता. मंडळ निघण्यापूर्वींच, १८९६ सालीं, निळसर छटेचें एक सयामी मांजर प्रदर्शनांत आलें असतां परीक्षक लुई वेन यांनीं तें रंगाच्या कारणावरून नाकारलें होतें. त्या रंगाला मान्यता मिळण्यास १९३६ साल उजाडावें लागलें.

शेपटीचें वांकण आणि तिरळी दृष्टि हे हळूहळू दोष ठरले. ज्या मांजरांत ते दिसत, त्यांची पैदास टाळण्यांत येऊं लागली. कांहीं पिढ्यांत सरळ शेपटीचीं, सरळ डोळ्यांचीं मांजरें सर्वत्र दिसूं लागलीं. मंडळाचें काम फत्ते झालें, असें कोणालाही वाटलें असतें.

परंतु तिरळेपणाचें मूळ डोळ्यांत नव्हतें; तें रंगांतच होतें. सयामी मांजराच्या अंगीं रंग तयार करणारें द्रव्य उष्णतेनें निकामी होतें. म्हणून आईच्या उबदार उदरांतून पिलूं जवळजवळ पांढरें जन्मतें, आणि शरीराचे थंड भाग तेवढे पुढें काळवंडतात. १९३० सालीं रशियांतील इलिन यांनीं थंडीच्या प्रयोगांनीं हें दाखवून दिलें. त्यामागील आनुवंशिक बदल २००५ सालीं सांपडला. याच रंगाच्या उणिवेमुळें डोळ्यांतून मेंदूकडे जाणारे कांहीं तंतु गर्भावस्थेंत चुकीच्या बाजूला वळतात. १९६९ मध्यें गिलरी यांनीं आणि १९७१ मध्यें ह्यूबेल व वीझेल यांनीं सयामी मांजरांच्या मेंदूंतील ही चूक उकलून दाखविली. डोळे सरळ असलेल्या मांजरांतही ती आढळते. म्हणजे निवडीनें चेहऱ्यावरची खूण गेली, पण आंतील रचना तशीच राहिली. ती घालवावयाची तर रंगच घालवावा लागेल, आणि रंग गेला तर सयामी मांजर उरणार नाहीं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत परीक्षकांची आवड अधिकाधिक लांबट तोंडाकडे व सडपातळ अंगाकडे झुकली. प्रदर्शनांतील सयामी मांजर आणि थायलंडांतील विचियनमात हीं एकाच घराण्यांतलीं आहेत, हें ओळखणेंही कठीण झालें. अखेर जुन्या घडणीचें मांजर ‘थाई’ या निराळ्या नांवानें नोंदवून घेण्याची पाळी आली.

मंडळानें या वंशाचा सांभाळ केला, रोगांतून व युद्धांतून त्याला तारलें, हें त्याचें ऋण खरें. परंतु नोंदवहींत लिहितां येतें तें रूप. अंतरींची घडण लिहितां येत नाहीं. रूप घडवितांना अंतरांत काय चाललें आहे याची विचारपूस करणें, हा धडा सयामी मांजराच्या इतिहासानें पैदास करणाऱ्यांना घालून दिला आहे.