बेंजोचा आवाज आणि गाण्याचे शब्द

मराठवाड्यात ज्याला आपण बेंजो म्हणतो, तो अमेरिकेतला बँजो नव्हेच. हे वाद्य जपानचे. नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ साली ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य तयार केले. टाइपरायटरसारख्या कळा एका हाताने दाबायच्या आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. भारतात त्याचा बुलबुल तरंग झाला आणि आपल्याकडे बेंजो. कव्वालीच्या मैफलीत, भीमगीतांच्या मंचावर, गणपतीच्या मिरवणुकीत ते इतके मुरले की त्याला परके म्हणायची सोय राहिली नाही. २०१६ साली रवी जाधवांनी ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला. त्यातला नायक रितेश देशमुख आमच्या लातूरकडचा, पण पडद्यावरचा बेंजो मुंबईच्या वस्तीतला. नांदेड-लातूरच्या बेंजोची कथा जरा निराळी आहे, आणि मला तिच्यातला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: हा बेंजो किती मोठा वाजावा, आणि केव्हा?

प्रश्न बेंजोच्याही आधीचा आहे. तमाशाच्या फडात वीज नव्हती तेव्हा त्याचे उत्तर माणसांच्या उभे राहण्यात होते. गाणारी पुढे, ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झीलकरी मागे. कडवे चालू असताना ढोलकीवाला हात आखडता घेई. कडवे संपले की झीलकरी वरच्या पट्टीत झील धरत आणि ढोलकी मोकळी सुटे. हलगी-ढोलकीची जुगलबंदी रंगायची तीही गाणे थांबलेले असतानाच. एकाला पुढे यायचे तर बाकीच्यांनी मागे सरायचे, एवढाच हिशेब.

हाच पेच अमेरिकेत गिटारवाल्यांपुढे होता. पितळी वाद्यांच्या ताफ्यात त्यांची गिटार कुणाला ऐकूच येत नसे. पोलादी तारेखाली चुंबक आणि तारेचे वेटोळे ठेवले की तारेचे कंपन विजेत उतरते, ही युक्ती १९३०च्या सुमारास हाती आली. गिब्सन कंपनीची ईएस-१५० ही विजेची गिटार १९३६ साली बाजारात आली. १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमनच्या ताफ्यात दाखल झाला आणि गिटार एकटीने पुढे येऊन वाजू लागली. बेंजोच्याही तारा पोलादीच, म्हणून तीच युक्ती त्यालाही लागू पडली. बेंजोला पिकअप बसला, पुढे अँप्लिफायर आणि त्यापुढे कर्णा. दिल्लीच्या अहुजा कंपनीचे अँप्लिफायर खेडोपाडी पोचले होते. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी मशीन मिळू लागली, तशी गाडीवरून मिरवणुकीत वाजवायची सोय झाली.

मार्गशीर्षाच्या शेवटी लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार आणि शेजारी तमाशाचे तंबू. एका तंबूने बटण फिरवले की दुसरा फिरवणारच. आता या फिरवाफिरवीत काय होते ते नीट पाहू, कारण आवाजाचे गणित आपल्या अंदाजाला नेहमी चकवते.

उघड्या मैदानावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. कर्ण्यापासून दहा फुटांवरचा माणूस आणि एकशे साठ फुटांवरचा माणूस यांच्यात चोवीस डेसिबलचा फरक पडतो. वादक तर कर्ण्याच्या मागे बसलेला, म्हणजे त्याला सर्वांत कमी ऐकू येणार आणि बटण मात्र त्याच्या हाती. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबल चढतो. कानाला दुप्पट वाटायला वॅट दसपट लागतात. मुखड्यानंतरचा पीस सहा डेसिबलने उठून दिसावा असे वाटत असेल, तर त्या वेळी चौपट शक्ती हवी. शंभर वॅटच्या मशीनवर गाणे पंचवीस वॅटात राखले तरच पिसाला जागा उरते. गाण्यातच मशीन शेवटच्या आकड्यावर असेल तर पिसाच्या वेळी बटण कितीही पिळा, आवाज वाढत नाही, नुसता फाटतो. गिटारवाल्यांचा बूस्टचा पेडलही इथे हात टेकतो. भरलेल्या घागरीत ओतलेले पाणी बाहेरच सांडणार.

तरीही माझ्या मते खरी गोम वॅटात नाही. कर्ण्याला खर्ज फारसा झेपत नाही. तो मधल्या आणि वरच्या स्वरांवर जगतो. माणसाच्या बोलण्यातले क, च, त, स ओळखू येतात ते बरेचसे दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि बेंजोच्या तारेची चमकही तिथलीच. ढोल मोठा वाजला तर शब्द दबतात, पण तग धरतात. बेंजो कडव्यात मोठा राहिला तर सूर ऐकू येतो आणि शब्द जातो.

भीमगीतात शब्द जाणे परवडणारे नव्हते. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) मराठवाड्यात गावोगाव फिरले ते लोकांना काही सांगायला. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि पाठोपाठ मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. मधल्या सोळा वर्षांत ज्यांच्या दारी वर्तमानपत्र येत नव्हते, त्यांच्यासाठी गाणे हे गाणे होते आणि बातमीही. तिथे बेंजोवाल्याने पिसात दाद घ्यावी, जरूर घ्यावी, पण कडव्याच्या पहिल्या अक्षराआधी मागे यावे, ही मागणी रसिकतेपेक्षा मोठी होती. कव्वालीच्या वळणाने ती निभावलीही जाई. तिथे गायक ओळ टाकतो, साथीदार ती उचलतात, बेंजो मधल्या फटीत बोलतो.

कायद्याने ध्वनीचा विचार २००० सालच्या नियमांत केला: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी यावर सविस्तर निकाल दिला. पण हा सगळा विचार शेजाऱ्याच्या झोपेचा आहे, आणि तो योग्यच आहे. मांडवात बसलेल्या माणसाला ओळ कळली की नाही, हे मोजायचे यंत्र पोलिसांकडे नसते.

मिरवणुकीत बेंजो पार्टीची जागा बरीचशी डीजेने घेतली. तिथे पीस किती वर यायचा हे कुठल्यातरी स्टुडिओत आधीच ठरून आलेले असते. चौदा एप्रिलच्या मंचावर मात्र अजून गिटार, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि बेंजो एकत्र बसतात. मिक्सरवरच्या पोराला गाणे पाठ असले, तर पीस संपायच्या अर्धी मात्रा आधी त्याचे बोट बेंजोच्या बटणावर गेलेले असते. पाठ नसले तर कडव्याची पहिली ओळ जाते, आणि मागे बसलेल्या बाया शेजारणीला विचारतात, “काय म्हणला गं त्यो?”