लघवीतला फेस

*‘लघवीला फेस’ : फेस टिकून राहत असेल, तर लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जात असण्याची शक्यता असते. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलातले डॉ. रिचर्ड ब्राइट (ग्रंथ १८२७) रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा साका धरला, की मूत्रपिंडाचा विकार ओळखत. आज तेच अल्ब्युमिन लघवीतल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाच्या प्रमाणात मोजतात, म्हणजे पाणी जास्त प्यायल्याने लघवी पातळ झाली तरी आकडा फसवत नाही. हे प्रमाण ग्रॅममागे ३० मिलिग्रॅम किंवा अधिक, तेही तीन महिन्यांहून जास्त काळ राहिले, तर मूत्रपिंडाचे दुखणे दीर्घकालीन मानतात. रक्तातले क्रिएटिनिन तेव्हा नॉर्मलही असू शकते. मधुमेह असलेल्यांनी ही तपासणी दरवर्षी करून घ्यावी. (संपा.)