उवा प्रांतांतील रानें

लंकेंतील उवा प्रांताचें नांव आपल्यापैकीं थोड्यांच्याच कानांवर आलें असेल. बेटाच्या आग्नेय अंगास हा प्रांत आहे. त्याच्या पश्चिमेस बदुल्ल व हपुतले येथील चहाचे उंच डोंगर आहेत. तेथें राबावयास नेलेल्या तामिळ मजुरांची कहाणी हा स्वतंत्र भाषणाचा विषय होईल. आज आपणांस डोंगर उतरून पूर्वेकडील सखल, कोरड्या मुलखांत जावयाचें आहे.

ह्या मुलखाचें जुनें नांव वेल्लस्स. ‘लक्ष शेतें’ असा त्याचा अर्थ सांगतात. आपल्या ‘लाख’ शब्दाचा भाऊबंद त्यांत सहज ओळखूं येतो. तळ्यांच्या पाण्यावर येथें भात पिकत असे. आज मात्र ह्याच मुलखांत व त्याच्या सीमांवर याल (१९३८), गल ओय (१९५४), उडवलवे (१९७२) आणि मादुरु ओय (१९८३) हीं राष्ट्रीय उद्यानें पसरलीं आहेत. हत्ती पाहावयास आलेल्या प्रवाशास तें अनादि अरण्य वाटतें. पण झाडींत शिरावें, तों फुटक्या तळ्यांचे बांध आणि विहारांचे चिरे पायाशीं लागतात!

त्यांतलीं कित्येक तळीं फार पूर्वींच ओस पडलीं होतीं, हें खरें. परंतु वेल्लस्सवर मोठा घाव पडला तो १८१८ सालीं. १८१५ च्या करारानें कँडीचें राज्य इंग्रजांच्या हातीं गेलें. दोनच वर्षांनीं वेल्लस्स पेटलें. बंड मोडण्यास पाठविलेला उव्याचा दिसावे, म्हणजे आपल्याकडील सुभेदारच म्हणा ना, केप्पेटिपोल हा स्वतःच बंडवाल्यांस मिळाला. गव्हर्नर ब्राउनरिगच्या फौजेनें घरें व धान्य जाळलें, फळझाडें तोडलीं, गुरें हांकून नेलीं. माणसें उपासमारीनें मेलीं आणि शेतांवर रान चढलें. नोव्हेंबर १८१८ मध्यें केप्पेटिपोलचा कँडी येथें शिरच्छेद झाला. त्याची कवटी विलायतेस गेली, ती १९५४ सालीं परत आली. गल ओयचें उद्यान झालें तेंही ह्याच वर्षीं.

पुढें, जे लोक खरोखरच पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगत आले होते, त्या वेद्दांची पाळी आली. मादुरु ओय उद्यान होतांच तेथें शिकार करणें व मध काढणें हा गुन्हा ठरला. बहुतेक कुटुंबांस हलविण्यांत आलें. दंबानचे वृद्ध नायक तिस्साहामी मात्र जागचे हलले नाहींत.

१९८७ च्या घटनादुरुस्तीनें प्रांतांस कौन्सिलें मिळालीं व १९८८ सालीं उव्यांत पहिली निवडणूक झाली. उद्यानांचा कारभार तरीही मध्यवर्ती सरकारच्या वन्यजीव खात्याकडेच राहिला. २०१४ सालीं निवडलेल्या कौन्सिलाची मुदत २०१९ मध्यें संपली, आणि २०२४ अखेरपर्यंत नवी निवडणूक झालीच नाहीं.