घामाशी झुंजणाऱ्या लेपाचा इतिहास

१/ गेल्या भाद्रपदात आम्ही काही विद्यार्थी बेशाहून नगरधनला गेलो होतो. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असे अभ्यासक मानतात. किल्ल्याच्या तटाशी टिपणे घेत असताना सकाळी लावलेले सनस्क्रीन घामाबरोबर डोळ्यांत उतरले आणि वहीतली अक्षरे दिसेनाशी झाली. संध्याकाळी पाहतो तर मान व नाक भाजलेले! घामात टिकणारा लेप माणसाने कधी शोधला, हा प्रश्न तिथेच पडला.

२/ विदर्भात ऊन दोन प्रकारचे. वैशाखातले कोरडे, त्यात घाम येताच वाळतो. पावसाळ्यात हवा दमट होते, घाम न वाळता ओघळतो आणि लेपालाही सोबत नेतो. खरी कसोटी या दुसऱ्या उन्हात.

३/ दमट मुंबईने चिकटपणावरचा उपाय आधी पाहिला. ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये ‘अफगाण स्नो’ बाजारात आणले. ‘स्नो’ म्हणजे त्वचेत दिसेनासे होणारे, तेलकटपणा न ठेवणारे क्रीम. चेहऱ्याला सुखद, परंतु ऊन अडवणे हे त्याचे काम नव्हते.

४/ दुसरे टोक महायुद्धात दिसते. पॅसिफिकमधील अमेरिकन सैनिकांना जनावरांच्या औषधोपचारात वापरले जाणारे तांबडे पेट्रोलियम जेली मिळे. पाण्याशी ते मिसळत नसल्याने त्वचेवर टिके. मात्र जाड, चिकट व लालभडक.

५/ पुढे बेंजामिन ग्रीन यांनी त्यात कोको बटर व खोबरेल तेल मिसळून ते सुसह्य केले. त्यातूनच ‘कॉपरटोन’ जन्मले. ऑस्ट्रियाचे रसायनतज्ज्ञ फ्रान्झ ग्रायटर यांनी १९४६ मध्ये गिर्यारोहकांसाठी क्रीम आणले. १९६२ मध्ये त्यांनी एसपीएफची संकल्पना मांडली.

६/ इथेच आपली गल्लत होते. एसपीएफ हा आकडा त्वचेवर असलेल्या थराविषयी बोलतो. तो थर किती वेळ राहील, याविषयी नाही. शिवाय त्याची चाचणी दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतक्या जाड थरावर होते. आपण त्याहून बरेच कमी लावतो.

७/ हा गोंधळ कायद्यापर्यंत पोहोचला. २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘वॉटरप्रूफ’ व ‘स्वेटप्रूफ’ या शब्दांवर बंदी घातली. पाण्यातील चाचणीनंतर फक्त ‘वॉटर रेझिस्टंट’, तेही ४० किंवा ८० मिनिटे, एवढेच लिहिण्याची मुभा उरली. घामापुढे कायमचा टिकणारा लेप नाही, याची ती कबुलीच होती.

८/ म्हणून निवडताना आकड्याइतकेच हे शब्द वाचावेत: एसपीएफ ३० किंवा अधिक, यूव्हीए संरक्षण, ‘वॉटर रेझिस्टंट’ आणि त्यापुढची मिनिटे. तेलकट त्वचेला जेलसारखे हलके रूप सोसते. बाहेर पडण्यापूर्वी १५ मिनिटे लावावे. घाम रुमालाने घासू नये, टिपावा. दर दोन तासांनी, आणि खूप घाम आल्यास त्याआधीही, पुन्हा लावावे.

९/ एका टोकाला सुखद पण निरुपयोगी स्नो, दुसऱ्या टोकाला उपयोगी पण असह्य जेली. आजची प्रत्येक ट्यूब या दोहोंमधली तडजोड आहे. नागपूरकर मात्र डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळून केव्हाचे मोकळे झाले आहेत. घामाने तो भिजतो, पण ओघळून जात नाही. पुढच्या वेळी नगरधनला जाताना माझ्या पिशवीत दोन्ही असतील.