धुतलेला चिखल
दोना पावलाच्या प्रयोगशाळेत मी चिखल धुवायचे. ‘आज किती धुतलास गो?’ सासूबाई रोज विचारायच्या.

समुद्रतळातून नळीने काढलेल्या गाळाचे सेंटीमीटरभर काप 63 मायक्रॉनच्या चाळणीवर नळाखाली धरले की माती निघून जाते आणि बारीक रव्यासारखं काहीतरी उरतं. ही फोरामिनिफेरांची, एकपेशीय जीवांची चुन्याची कवचं. ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक उचलायचं, ओळखायचं, काळ्या पट्टीवर ठेवायचं. एका कापातली तीनशे तरी. संध्याकाळी मान धरायची.

या धंद्याचा मूळपुरुष मी वोल्फगांग शॉटला मानते. ‘मेटेओर’ या जर्मन जहाजाने 1925 ते 27 मध्ये अटलांटिकमधून आणलेला गाळ त्याने तपासला. वरच्या थरात ‘मेनार्डी’ ही उबदार पाण्यातली जात होती, खाली ती गायब, त्याखाली पुन्हा हजर. मधला थर हिमयुगाचा, हे त्याने 1935 साली नुसत्या मोजणीवर सांगितलं. नाव मात्र जास्त झालं ते चेझारे एमिलियानीचं. 1955 मध्ये त्याने कवचांतल्या जड-हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून प्राचीन समुद्राचं तापमान काढलं. पण हलक्या ऑक्सिजनचं पाणी हिमयुगात बर्फ होऊन जमिनीवर अडकतं. एमिलियानीने तापमान म्हणून वाचलेला बराचसा फरक या बर्फाचाच होता, हे निकोलस शॅकल्टनने 1967 मध्ये दाखवलं. यंत्र चुकलं नव्हतं, वाचणारा चुकला होता.

आमच्या अरबी समुद्रात मोजायची ती ‘बुलॉयडिस’. चार गोल फुगीर कप्पे, कमानीसारखं मोठं तोंड. एकदा पाहिली की विसरत नाही. खरं तर ही थंड पाण्यातली. पण नैर्ऋत्येचा पावसाळी वारा ओमान-सोमालियाच्या किनाऱ्यावरचं पाणी बाहेर ढकलतो, खालचं थंड, सकस पाणी वर येतं आणि ती तिथे माजते. वारा जोरात, तर बुलॉयडिस जास्त. ओमानच्या किनाऱ्याजवळ 1987 मध्ये काढलेल्या गाळात अनिल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी हीच मोजली. उत्तर अटलांटिक गारठला तेव्हा तेव्हा आपला मोसमी वाराही मंदावला होता, असं त्यांनी 2003 मध्ये मांडलं.

सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘म्हणजे पाऊसच मोजतेस की!’ पाऊस नव्हे, वारा. पण मी दुरुस्त केलं नाही.